सव्वा लाखाची मूठ

बालेवाडीच्या क्रीडा संकुलात दहा मीटरच्या रेंजवर कधी गेलात, तर नेमबाजांच्या पाठीमागून सावकाश चालत जा आणि त्यांच्याकडे न बघता टेबलावर ठेवलेल्या पिस्तुलांकडे बघा. ऑस्ट्रियाचं स्टेयर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्डिनी, जर्मनीचं वाल्थर नाहीतर फाइनवेर्कबाऊ. एकेकाची किंमत लाखाच्या वर. चाप मिलिमीटरच्या अंशानं मागेपुढे सरकवता येणारा. आणि अक्रोडाच्या लाकडातून कोरलेल्या सुबक मुठीवर, अंगठ्याच्या मुळाशी किंवा करंगळीच्या खाली, राखाडी रंगाचं एखादं ओबडधोबड ठिगळ. ते एम-सील असतं. नळाची गळती बुजवायला आपण हार्डवेअरच्या दुकानातून आणतो, तेच.

नवख्याला वाटतं, पिस्तूल पडून फुटलं असणार. फुटलेलं नसतं. कंपनीनं दिलेली मूठ आणि देवानं दिलेली मूठ यांच्यात जी फट राहिली, ती तिथे बुजवलेली असते. मराठीनं वळलेल्या बोटांनाही ‘मूठ’च म्हटलं आणि तलवारीच्या धरायच्या भागालाही. दोघींना एकच शब्द देताना भाषेनं गृहीत धरलं की एक दुसरीच्या मापाची असणार. कारखान्यांना ते गृहीत धरता येत नाही. रेंजवर सगळे ‘ग्रिप’ म्हणतात, मीही अधूनमधून म्हणेन. पण या प्रकरणापुरता मूठ हाच शब्द बरा, कारण सगळा घोळ त्या दोन अर्थांच्या मधल्या जागेतच आहे.

माझं स्वतःचं निरीक्षण असं की अनुभवी नेमबाजाच्या पिस्तुलावर अगदी कोरी मूठ क्वचित दिसते. दिसली, तर तो हात नेमका कंपनीच्या साच्याचा निघालेला असतो, किंवा त्या नेमबाजानं हाताचा विचार अजून सुरू केलेला नसतो.

एवढ्याशा फटीनं बिघडतं काय, ते आकड्यांत पाहू. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं. त्याबाहेरचं प्रत्येक वर्तुळ 8 मिलिमीटरनं सरकत जातं. पिस्तुलाच्या टोकाशी माशी असते, डोळ्याच्या बाजूला खाच. खाचेत माशी मधोमध बसवायची, म्हणजे नेम. या दोहोंतलं अंतर सुमारे 35 सेंटिमीटर धरा. आता मनगट किंचित वळलं आणि माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर दहा मीटरवर छर्रा जवळपास साडेअठ्ठावीस मिलिमीटर भरकटतो. दहाच्या जागी सात. तेच पिस्तूल न वळता संपूर्ण हातासकट एक मिलिमीटर बाजूला सरकलं असतं, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. हात हलण्याचं नेमबाजाला फारसं भय नसतं. हात सगळ्यांचेच हलतात. भय असतं ते हातात पिस्तूल वळण्याचं. आणि ते वळतं कशानं, तर मुठीनं.

वरच्या पातळीवर हा हिशेब फार निर्दय होतो. पात्रता फेरीत 75 मिनिटांत 60 छर्रे. अंतिम फेरीत दशांशांनी गुण मोजतात, सर्वोत्तम छर्ऱ्याला 10.9. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 28 जुलै 2024 रोजी मनू भाकरला महिलांच्या एअर पिस्तुलात कांस्य मिळालं. पुढची पायरी तिची अवघ्या 0.1 गुणानं हुकली. वर हे सगळं एका हातानं करायचं. नियमच तसा आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये तुर्कीच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो जगभर फिरला, पण त्या पोझमध्ये ऐट कमी आणि गरज जास्त होती. मोकळा हात कुठेतरी निश्चल ठेवावाच लागतो. पिस्तुलाला आधार एकाच तळव्याचा, आणि तळवा व पोलाद यांच्यामध्ये फक्त ते लाकूड.

मग चांगली मूठ कोणती? दुकानात पिस्तूल हातात घेतल्यावर जी मऊ, भरदार, आरामशीर वाटते, ती? बहुतेक वेळा नाही. आराम आणि माप यांची गल्लत ही या खेळातली सर्वांत महागडी चूक. सैल मूठ आरामशीर वाटते, कारण हाताला तिच्यात चार-पाच प्रकारे बसता येतं. आणि नेमबाजाला नको असतं ते नेमकं हेच. त्याला हवी असते अशी मूठ, जिच्यात हात एकाच प्रकारे बसेल. जरा वाकडा बसला तर कुठेतरी टोचेल आणि सांगेल की नीट धर.

आपल्याकडच्या जुन्या तलवारी काचेमागे पाहताना कुणीतरी हमखास म्हणतं, ‘केवढी लहान मूठ! पूर्वजांचे हात एवढेसेच होते की काय?’ हात तेवढेसे नव्हते. वर आडवी पोलादी पट्टी, खाली गोल चकती, आणि मध्ये पंजा घट्ट अडकेल इतकीच जागा, अशी ती रचना होती. वार करताना हात वरखाली सरकू नये म्हणून मूठ आखूड ठेवलेली. पिस्तुलाची मूठ घडवणाऱ्या युरोपातल्या कारागिरांनी ही तलवार पाहिली असेल-नसेल, पण अक्कल तीच आहे.

आता कंपनीच्या साच्यात न बसणारा, वेगळ्या ठेवणीचा हात म्हणजे कोणता, याबद्दल. 1952 साली गिल्बर्ट डॅनियल्स या अमेरिकी हवाई दलातल्या संशोधकानं 4063 वैमानिकांची शरीरमापं तपासली. उंची, छाती, बाहीची लांबी अशा दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, हा प्रश्न होता. दहाही मापांत सरासरीत बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. हाताला पाच बोटं, प्रत्येकाची लांबी-जाडी निराळी, तळव्याची रुंदी, खोली, अंगठ्याची फाक, सांध्यांची लवचीकता. म्हणजे एस, एम, एल अशा तीन-चार मापांत सगळे हात कोंबताना कुणाचं काहीतरी बाहेर राहणारच. एम मापाची ग्रिप ज्याला पाचही बोटांशी जमली, त्याचाच हात खरं तर जगावेगळा म्हणायला हवा.

रोज दिसणारी अडचण रुंद तळवा आणि आखूड बोटं यांची. असा माणूस दुकानात जातो, पंजा पाहून विक्रेता एल माप काढून देतो. तळवा छान बसतो, पण तर्जनी चापापर्यंत पोचत नाही. मग नकळत तो पंजा मुठीभोवती पुढे फिरवतो. बोट पोचतं, पण आता नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका रेषेत राहत नाहीत, आणि बोट चापाला सरळ मागे न ओढता तिरकं ओढतं. छर्रे एका बाजूला जाऊ लागतात. तो दोन वर्षं खाचेचे स्क्रू फिरवत बसतो, आणि प्रशिक्षक त्याला ‘चाप झटकू नकोस’ म्हणून ओरडत राहतात. दोष हाताचा नाही, सरावाचाही नाही. माप उलट्या टोकाकडून घेतलं गेलं, एवढंच. माप बोटांवरून ठरवायचं असतं: अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यापासून तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या मध्यापर्यंत. त्या पेराचा मऊ गादीसारखा भाग चापावर सपाट यायला हवा, आणि बोटाचा उरलेला भाग लाकडाला कुठेही लागता कामा नये. मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. हे जमणारी लहान ग्रिप घ्यावी आणि तळव्याची रुंदी खालचा टेकू उतरवून भागवावी. तळव्याखाली येणारा तो लाकडी कट्टा, ज्याला रेंजवर पाम शेल्फ म्हणतात, बहुतेक पिस्तुलांवर स्क्रूनं वरखाली होतो. बोट मात्र कोणत्याही स्क्रूनं लांब होत नाही.

उलटा प्रकार बारीक तळवा आणि लांबसडक बोटांचा. चित्रकारांचे म्हणतात तसले हात. अशा हातात बोटांची टोकं मुठीला वेढा घालून परत अंगठ्याच्या उंचवट्यावर येऊन टेकतात. नेम धरताना ती टोकं स्वतःच्याच मांसात रुततात. म्हणजे दाब वाढला की पिस्तूल ढकललं जातं, आणि दाब प्रत्येक वेळी सारखा कोण ठेवणार? इथे भर घालावी लागते. बोटांची टोकं जिथे येतात तिथे लाकूड वाढवायचं, म्हणजे ती लाकडावर थांबतील. तळव्याच्या खोलगट मध्यभागीही बहुधा पोकळी राहते. तिथे उंचवटा द्यायचा. नेमबाजांच्या पहिल्या एम-सीलची जागा बरेचदा हीच.

अंगठ्याचं दुखणं निराळं. काहींचा अंगठा वरच्या सांध्यातून मागे चांगला कमानीसारखा वळतो. कंपनीनं अंगठ्यासाठी केलेला कट्टा सरळ अंगठ्याचा असतो. वळणारा अंगठा त्यावर टोकानंच टेकतो आणि मग दाबू लागतो. अंगठ्यानं दाबायचंच नसतं. एका हाताच्या पिस्तुलात खरं काम मधलं बोट आणि अनामिका करतात. त्यांचा दाब समोरून सरळ मागे, तळव्याच्या बेचक्याकडे जायला हवा. अंगठा आणि करंगळी हे लग्नातल्या दूरच्या नातेवाइकांसारखे: हजर असावेत, पण निर्णयात पडू नयेत.

आणि मग खरोखर वेगळे हात. कारखान्यात प्रेसखाली पेरं गमावलेला हात. जन्मतः जुळलेली बोटं. संधिवातानं गाठाळलेले सांधे. तळव्यातल्या पडद्यासारख्या ऊती आखडून अनामिका आणि करंगळी कायमची आत वळवणारा विकार, ज्याला एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यविशारद द्युपुत्राँ यांचं नाव मिळालं. या हातांसाठी तयार माप नसतंच, पण त्यांची उत्तरं अवघड नसतात. अनामिका नसेल, तर तिची खोबण भरून काढायची. नाहीतर मधलं बोट आणि करंगळी त्या रिकाम्या जागेत घसरत जातात आणि पिस्तूल डोलतं. बोट आत वळलेलं असेल, तर त्या जागी लाकूड खोदून मूठ बारीक करायची, म्हणजे न उघडणाऱ्या बोटालाही ती घेता येईल. खरी पंचाईत तर्जनी नसेल तेव्हा होते. मधल्या बोटानं चाप ओढायचा, तर पंजा एका बोटाच्या जाडीइतका वर यायला हवा, आणि तिथे पिस्तुलाचं पोलाद आडवं येतं. मग मुठीचा वरचा भाग पहिल्यापासून नव्यानं घडवावा लागतो, किंवा सरळ हात बदलावा लागतो.

हात बदलणं म्हटलं की हंगेरीच्या कारोली ताकाचचं नाव निघतंच. सैन्यातला सार्जंट, उजव्या हाताचा नावाजलेला पिस्तूलबाज. 1938 साली सरावात सदोष हातबाँब हातातच फुटला आणि उजवा पंजा गेला. महिनाभर इस्पितळात, आणि बाहेर आल्यावर कुणाला न सांगता डाव्या हातानं सराव. 1939 मध्ये तो हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून बसला होता. पुढची दोन ऑलिंपिक युद्धानं गिळली. 1948 ला लंडनमध्ये, वयाच्या 38व्या वर्षी, त्यानं जलदगती पिस्तुलात 580 गुणांच्या विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं, आणि 1952 ला हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण. या कथेत सगळे त्याची जिद्द सांगतात, आणि ती होतीच. मला मात्र त्यातलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं की डोळा, श्वास, संयम, चापाचा अंदाज हे त्यानं उजवीकडून डावीकडे नेलं. कौशल्य पंजात नव्हतं. पंजा फक्त शेवटचा दुवा होता.

आपल्याकडचा मनीष नरवाल हे दुसरं उदाहरण. फरिदाबादजवळच्या बल्लभगढचा. उजव्या हातात जन्मजात दोष, म्हणून तो डाव्या हातानं नेम धरतो. टोकियो पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पिस्तुलात त्यानं 218.2 गुणांसह सुवर्ण जिंकलं, आणि 2024 ला पॅरिसमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलात रौप्य. डावखुऱ्यांची अडचण मात्र नेमबाजीत अजून पुरती संपलेली नाही. मूठ आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी लागते, आणि ती स्वतंत्र मागवावी लागते. अकादमीत एक पिस्तूल आणि त्यावर उजवी, एम मापाची ग्रिप. तिच्यावर बारा वर्षांच्या मुलीपासून सहा फुटी मुलापर्यंत पाचजण शिकतात, हे चित्र मी पाहिलं आहे. त्या पाचांत कुणाचा नेम चांगला हे त्या पिस्तुलावर कधीच कळत नाही. कुणाचा हात एम आहे, तेवढं कळतं.

तर आपला हात कुठे वेगळा आहे, हे शोधायचं कसं? यासाठी एक सोपी परीक्षा आहे आणि ती घरी होते. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करा. भिंतीकडे तोंड करून नेहमीसारखे उभे राहा, मूठ धरा, डोळे मिटा, हात नेमाच्या उंचीला न्या, दोन श्वास थांबा आणि डोळे उघडा. माशी खाचेत मधोमध असेल, तर मूठ हाताची आहे. ती दरवेळी एकाच बाजूला सरकलेली असेल, तर मूठ मनगटाला वळवते आहे. ती बाजू सांगते की लाकूड कुठे जास्त किंवा कुठे कमी आहे. आणि माशी प्रत्येक वेळी वेगळ्याच जागी असेल, तर मूठ सैल आहे. यातला दुसरा निकाल निराश करणारा वाटतो, पण तोच चांगला. सातत्यानं चुकणारी मूठ दुरुस्त करता येते.

ही परीक्षा एकदा घेऊन उपयोग नाही. सकाळी, संध्याकाळी, आठवडाभर घ्या आणि वहीत लिहा. हात दिवसभरात बदलतो. उन्हात रक्तवाहिन्या रुंदावून तो फुगतो. मे महिन्यात मुंबईच्या दमट दुपारी घट्ट बसणारी मूठ जानेवारीत पुण्याच्या पहाटे सैल वाटते, आणि पावसाळ्यात लाकूडही ओल धरून किंचित फुगतं. म्हणून टेकूचा स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे करायची सोय ठेवतात. चांगला नेमबाज त्या स्क्रूची खूण पेन्सिलीनं लाकडावर करून ठेवतो.

दुसरी तपासणी सुताराची. दार चौकटीत कुठे अडतं हे बघायला सुतार कडेला खडू फासतो, तसं तळव्याला खडूची भुकटी चोळायची, मूठ एकदाच घट्ट धरायची आणि सोडायची. लाकडावर पांढरा नकाशा उमटतो. जिथे खडू गडद, तिथे लाकूड रुततं. जिथे अजिबात नाही, तिथे पोकळी. तळव्यावर राहिलेल्या लाल खुणाही बघायच्या. पोकळी सगळीच भरायची नसते, हे मात्र ध्यानात ठेवा. चापाच्या बोटाभोवती आणि तळव्याच्या खालच्या टोकाशी थोडी मोकळीक लागतेच. नाहीतर बोट हललं की अख्खा तळवा हलतो, आणि तो पिस्तुलाला सांगतो.

काम सुरू करताना मूठ पिस्तुलावरून काढायची. पहिला आठवडा एम-सीलला हात लावायचा नाही. मुलांच्या खेळण्यातला क्ले घ्यायचा, पोकळीत थापायचा, हात दाबून साचा उमटू द्यायचा, आणि मूठ परत बसवून चाप रिकामा ओढून सराव करायचा. चुकला तर खरवडून फेकता येतो. क्लेमध्ये आकार पटला की मग एम-सीलच्या दोन कांड्या मळायच्या. हातमोजे घालून, कारण घट्ट न झालेलं इपॉक्सी कातडीला चांगलं नाही. लाकडाला ते पकडावं म्हणून तिथलं पॉलिश खरवडायचं. हाताला चिकटू नये म्हणून वरून स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं. आणि मग मूठ रोज धरतो तशीच धरायची. इथे सगळे एक चूक करतात: ओल्या एम-सीलवर जीव खाऊन दाबतात. त्यातून भीतीच्या मुठीचा साचा निघतो, नेमाच्या मुठीचा नाही. रोजच्या दाबानं धरा, तर्जनी चापाच्या जागी ठेवा, आणि सुकेपर्यंत दोनतीनदा तेच करा.

लाकूड काढायची वेळ आली तर कानस आणि पॉलिश पेपर. मुठीच्या आत स्क्रू जातो, त्याच्या वाटेभोवती भिंत पातळ करू नका, ती चिरते. एका बैठकीत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त काढू नका. मध्ये दोनतीन दिवस सराव होऊ द्या. काढलेलं लाकूड परत येत नाही, त्याच्या जागी एम-सीलच येतं. आणि तोंडावर मास्क बांधा. अक्रोडाचा भुसा काहींना सोसत नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांच्यासाठी युरोपात मुठी करून देणारे आहेत. मोरिनीचं नाव आज पिस्तुलाशी जोडलं जातं, पण चेझारे मोरिनी यांनी सुरुवात मुठी घडवण्यापासून केली. पिस्तूल नंतर आलं. जर्मनीत रिंक आणि नील ही नावं नेमबाजांच्या तोंडी असतात. मापाची मूठ मागवायची तर कागदावर पंजा पसरून पेन्सिलीनं कड काढायची, तळव्याची रुंदी आणि बोटांची लांबी लिहायची, सोबत फोटो जोडायचे. कोल्हापुरात चांभाराकडे कागदावर पाऊल ठेवून चपलेचं माप दिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण पायाच्या आराखड्यात फारशी न लागणारी एक गोष्ट हाताच्या आराखड्यात हरवते, ती म्हणजे खोली. पसरलेल्या पंजाची कड काढली की तळव्याचा खळगा कागदावर येत नाही. म्हणून मागवलेली महागडी मूठही आल्यावर थोडी घासावी-भरावी लागते. तक्रार करू नका, तो व्यवहाराचाच भाग आहे.

अलीकडे त्रिमितीय स्कॅनिंगनं ही उणीव बरीच भरून निघाली आहे. क्लेनं घडवलेली, अगदी बेढब दिसणारी मूठ स्कॅन करायची आणि नायलॉनमध्ये हुबेहूब छापून घ्यायची. वेगळ्या हातांसाठी माझ्या मते हा गेल्या पन्नास वर्षांतला सर्वांत मोठा बदल आहे. नेमबाजाला शिल्पकार व्हायची गरज उरली नाही, फक्त स्वतःच्या हाताशी प्रामाणिक राहायची आहे. दुसरा फायदा आणखी मोठा. चार वर्षं घासूनभरून जमलेली मूठ विमान प्रवासात फुटली किंवा हरवली, तर पूर्वी नेमबाज अक्षरशः हात गमावल्यासारखा व्हायचा. आता तिची प्रत फाइलमध्ये असते.

मुठीच्या कलेचा सुवर्णकाळ मात्र मागे गेला, आणि त्याचं थोडं दुःख वाटतं. 50 मीटरच्या फ्री पिस्तुलाची मुळं 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये आहेत. तेव्हा अंतर तीस मीटर होतं आणि अमेरिकेच्या सम्नर पेननं तो जिंकला. पुढे त्यात मुठीवरची बंधनं इतकी कमी राहिली की लाकूड पंज्याला चहूबाजूंनी वेढू लागलं. तुलामध्ये बनणारं सोव्हिएत तोझ-35 किंवा स्विस हेमर्ली यांच्या मुठी पाहिल्या की दांडपट्टा आठवतो: हात धरत नाही, हात आत जातो. ज्यांच्या पंज्यात काही कमी होतं त्यांना या प्रकारानं मुक्त हस्त दिला. 2016 च्या रिओनंतर 50 मीटर पिस्तूल ऑलिंपिकमधून गेलं. पॅरालिंपिकमध्ये ते टिकलं, आणि नरवालचं सुवर्ण त्यातलंच.

आता राहिलेल्या एअर पिस्तुलात नियम कडक आहेत, आणि वेगळ्या हाताच्या माणसानं लाकडाला हात लावण्याआधी ते वाचायला हवेत. मूठ हाताच्या पलीकडे कुठेही आधार देऊ शकत नाही. मनगट उघडं दिसलं पाहिजे, त्या हातात घड्याळ किंवा कडंही चालत नाही. तळव्याखालचा टेकू मुठीशी 90 अंशांहून कमी कोन करू शकत नाही, म्हणजे तो वर वळून पंज्याला कवेत घेऊ शकत नाही. अंगठ्यावर छप्पर चालत नाही. अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे. वजन 1500 ग्रॅमच्या आत, चापाचा भार किमान 500 ग्रॅम. आणि सगळ्यांत शेवटी एक पेटी असते: आतून 420 मिलिमीटर लांब, 200 उंच, 50 रुंद. पिस्तूल मुठीसकट तिच्यात बसलं पाहिजे. रुंद तळव्यासाठी टेकू बाहेर वाढवलेला असतो, बोटांच्या टोकांसाठी बाजूला भर घातलेली असते, आणि ते सगळं पन्नास मिलिमीटरमध्ये मावायचं असतं. तेव्हा घरीच पुठ्ठ्याची तशी पेटी करून ठेवा आणि प्रत्येक भरीनंतर पिस्तूल तिच्यात घालून बघा. स्पर्धेच्या ठिकाणी तपासणीच्या टेबलावर पेटी अडली, तर हातात कानस घेऊन तिथेच कोपऱ्यात बसावं लागतं.